भाव चांगला मिळाला, माल मापात गेला

साग विकला म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "काय भावानं दिलात?" आम्हाला भावात कोणी गंडवलं नाही. घनफुटाला ८५० रुपये मिळाले. शेजारच्या गावात त्याच हंगामात सातशेच्या वर कोणी गेलं नव्हतं. आई तर पेढे आणायला निघाली होती. मारलं ते मापात. आणि ते व्यापाऱ्यानं एकट्यानं नाही मारलं, आमच्या बाजूनं उभं राहायला आम्ही पैसे देऊन नेमलेल्या सल्लागारानं त्याला साथ दिली. सोलापूर जिल्ह्यात नव्वदच्या दशकात बांधाबांधाला लावलेला साग आता ठिकठिकाणी तोडीला आलाय, म्हणून हिशेबासकट लिहितेय.

जमीन मोहोळ तालुक्यात. उजनीच्या कालव्याचं पाणी मिळायला लागल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधावर आणि ओढ्याच्या कडेनं साग लावला. तेव्हा सागाचं वेडच होतं. वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या, आज एवढे हजार भरा आणि वीस वर्षांनी लाख घेऊन जा. त्यातल्या कितीतरी कंपन्या दशक संपायच्या आत बुडाल्या, आणि सेबीला १९९९ मध्ये अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियम करावे लागले. अण्णांनी कंपनीत दमडी घातली नाही, रोपं आणून स्वतः लावली. झाडं जगली, पण आपल्याकडे पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि साग हे हजार-बाराशेच्या वर पाऊस पडणाऱ्या, निचऱ्याच्या जमिनीतलं झाड. छातीच्या उंचीला तीन फुटांच्या आसपास घेर, एवढीच वाढ. पांढरं लाकूड भरपूर, आतला गाभा बेताचा.

अण्णा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. दादा पुण्यात, मी सोलापुरात, आई गावाकडे. झाडं तोडायची ठरली तेव्हा पहिली अडचण कागदांची आली. साग आपल्या रानातला असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहे. म्हणजे परवानगीशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. झाडांची नोंद सातबाऱ्यावर हवी, हद्दीचा प्रश्न असेल तर मोजणी हवी, सगळ्या खातेदारांची संमती हवी, बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याचीही. तोडल्यावर लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक पास. हे सगळं करून देणारा माणूस हवा होता, आणि तो नात्यातल्या एकाच्या ओळखीनं मिळाला.

कार्डावर 'वनशेती सल्लागार' असं छापलेलं. वकिलाला सनद लागते, सीएला त्यांच्या संस्थेचं सभासदत्व लागतं. वनशेती सल्लागार म्हणवून घ्यायला मात्र कार्ड छापलं की पुरतं. वानिकीचं शिक्षण खरोखर आहे, दापोलीला आहे, अकोल्याला आहे. मी सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या कॉलेजचे?" तर म्हणाले, "ताई, आमचं शिक्षण जंगलात झालं." आई हसली. उत्तर गोड होतं खरं.

बोलणं तर ऐकत राहावं असं. "अयोध्येच्या मंदिराची दारं कुठल्या लाकडाची? आपल्या महाराष्ट्राच्या सागाची. चंद्रपूरकडून गेलाय साग. तुमचंही तेच झाड." झाड तेच, हे खरं. पण तो माल गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या सागाचा, वन विकास महामंडळाच्या बल्लारशाच्या आगारातून गेलेला. आमचा कालव्याच्या पाण्यावरचा तिशीतला साग त्याच्या शेजारी ठेवला तर कोणी ओळखही दाखवणार नाही. अशा तुलनेनं होतं काय, की मालकाचं सगळं लक्ष भावावर जाऊन बसतं. भाव चढा मिळाला की माणूस खूश.

कुलमुखत्यारपत्राचा मसुदा त्यांनीच करून आणला. परवानगी काढणे, तोड करवून घेणे, वाहतूक, विक्री, आणि सगळ्यात शेवटी 'रक्कम स्वीकारणे'. ते शेवटचं मी काढायला लावलं. वाटलं होतं वाद घालतील. उलट म्हणाले, "ताई, एकदम बरोबर. पैसे थेट आईंच्या खात्यात." आणि खरंच ३,४८,५०० रुपये थेट आईच्या खात्यात आले, व्यापाऱ्याकडून, आरटीजीएसनं. एवढा स्वच्छ व्यवहार बघून संशय कोणाला येणार? पैशाला त्यांना हात लावायची गरजच नव्हती, हे नंतर कळलं. त्यांना टेप हातात हवा होता.

आता मापाचं जरा नीट सांगते, सगळी गोम तिथेच आहे. लाकडाच्या धंद्यात गोल ओंडका चौथाई घेरानं मोजतात. ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याला चारनं भागायचं, येईल त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. या पद्धतीनं आकडा खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच येतो. ओंडका चौकोनी कापताना बाजूच्या फळ्या-ढलप्या वाया जातात, त्याची ही सूट. म्हणजे व्यापाऱ्याला त्याची तूट आधीच भरून मिळालेली असते. याच्यावर आणखी काही कापलं तर ते फुकटचं.

आमच्याकडे काय झालं ते एका ओंडक्यावर दाखवते. लांबी साडेनऊ फूट, मध्यावर घेर ३६ इंच. तीन फुटांचा चौथा भाग पाऊण फूट, त्याचा वर्ग करून साडेनऊनं गुणलं की ५.३४ घनफूट होतात. सल्लागाराच्या कागदावर त्याच ओंडक्याचा घेर ३० इंच, कारण टेप मध्यावर न लावता बारीक टोकाला लावला. आणि लांबी ९ फूट, वरचे इंच सोडून. उत्तर येतं ३.५२. एका ओंडक्यात तिसरा हिस्सा गायब, आणि कागदावरचं गणित चोख. दादानं पुण्यात बसून सगळी बेरीज-गुणाकार एक्सेलमध्ये तपासले होते. एकही चूक नव्हती.

मापं घेतली तेव्हा आई रानात होती. सल्लागार टेप धरत होता, व्यापाऱ्याचा माणूस लिहून घेत होता. वनरक्षकानं पासासाठी वेगळी मोजणी केली तेव्हा आईनं विचारलंही, ही कशाला पुन्हा? "ती सरकारी असते मावशी, पासापुरती. व्यवहाराला धरत नाहीत," असं उत्तर मिळालं. धडधडीत खोटं. उलट त्या सगळ्या प्रकारात तेवढंच एक माप असं होतं, की ज्यात मोजणाऱ्याचा आमच्या पैशाशी संबंध नव्हता.

शंका काढली ती शेजारच्या तात्यांनी. गाड्या गेल्यावर ते बांधावरून चालत होते, मला फोन करून म्हणाले, "ताई, येवढ्या बुडख्यांत येवढंच लाकूड? टेप लावून बगा की. गाडीत गेलेलं दिसत न्हाई, बुडखं तरी जाग्यावर हायेत." मी गेले, शिवणकामाचा टेप घेऊन. बुडाचा घेर नेहमीच जास्त असतो, त्यामुळे नुसत्या बुडख्यावरून चोरी सिद्ध होत नाही. पण बुडख्यांवर वनखात्याच्या हातोड्याचे शिक्के होते, क्रमांक होते. तेव्हा लक्षात आलं, की याच क्रमांकांची यादी कचेरीत असणार.

दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि पासासोबतच्या मोजणी यादीची प्रत मागितली. यादी घनमीटरमध्ये होती, सल्लागाराचा कागद घनफुटात. बहुतेक लोक इथेच सोडून देत असतील. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. यादीत एकूण १६.९ घनमीटर, म्हणजे ५९७ घनफुटांच्या आसपास. आम्हाला पैसे मिळाले ४१० घनफुटांचे. झाडं तीच ११८, ओंडके तेच, दोन्हीकडे साल काढून मोजलेले, पद्धतही चौथाई घेराचीच. फरक १८७ घनफुटांचा, ८५० च्या भावानं १,५८,९५० रुपये.

दादाचा पहिला प्रश्न होता, "अगं, पण त्याची आठ टक्के फी आपल्या रकमेवर. माल कमी दाखवून त्याचंच नुकसान नाही का?" गणित करून पाहिलं. १,५८,९५० च्या आठ टक्क्यांत त्याचे पावणेतेरा हजारांच्या आसपास बुडाले. व्यापाऱ्याकडून त्याला किती मिळाले ते त्या दोघांनाच ठाऊक, पण तोडीच्या मुकादमानं बोलता बोलता सांगितलं, की सल्लागारसाहेबांचं त्या व्यापाऱ्याच्या वखारीत घनफुटामागं ठरलेलं असतं, आणि आमच्याच नाही, सगळ्यांच्याच मालावर. टक्केवारीवर नेमलेला माणूस आपल्यासाठी झटेल हा समज इतका पक्का आहे, की दुसऱ्या बाजूनं त्याला काय मिळतं हे कोणी विचारतच नाही. शिवाय 'परवानगीचा खर्च' म्हणून ३५ हजार रोख घेतले, त्याची पावती आजतागायत नाही. पावती मागितली की म्हणायचे, "ताई, ऑफिसची कामं तुम्हाला माहितीच आहेत." माहिती होती म्हणूनच मागत होते. सरकारी फी असेल तर तिची पावती असतेच.

सल्लागारासमोर यादी ठेवली तेव्हा आधी म्हणाले वनखातं नेहमी जास्त धरतं, मग म्हणाले लाकूड किडकं निघालं. पोलीस ठाण्यात 'हे दिवाणी आहे' असं ऐकवलं. वकिलांचं मत वेगळं होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, म्हणजे विश्वासघात, आणि ३१८, म्हणजे फसवणूक, यांखाली तक्रार देता येते, आणि पैशाच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, असं त्यांनी सांगितलं. नोटीस गेल्यावर साठ हजार परत आले, सोबत 'हिशेबात नजरचुकीनं राहिलेली रक्कम' अशी सही केलेली चिठ्ठी. चिठ्ठी वकिलांनी लगेच स्वतःच्या फायलीत लावली. उरलेल्या रकमेसाठी दावा चालू आहे.

या धंद्यात सगळेच असे नाहीत. नंतर अकलूजकडचे एक निवृत्त वनपाल भेटले. ते दिवसाच्या ठरलेल्या फीवर मोजणी करून देतात, विक्रीत पडतच नाहीत. मी आता कोणालाही असाच माणूस शोधायला सांगते. मोजणारा एक आणि विकणारा दुसरा. तोडीआधी उभ्या झाडांची स्वतःची यादी करा, झाडाला रंगानं क्रमांक टाकून, जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घेऊन. करारात मध्याचा घेर, लांबी कुठपर्यंत धरायची, कुठल्या घेराच्या खाली जळाऊ समजायचं, फांद्या कोणाच्या, हे लिहून घ्या. जळाऊचा मुद्दा तर कोणी बोलतच नाही. बारीक ओंडका 'सरपण' म्हणून टनावर जातो आणि पुढे वासा म्हणून नगावर विकला जातो. आणि हिशेब पासाच्या यादीवरच होईल हे एक वाक्य त्यात असू द्या. सल्लागार या वाक्याला नाही म्हणाला तर तिथेच उठा.

विहिरीजवळची झाडं अजून उभी आहेत. यंदा तीन व्यापाऱ्यांना बोलावलं, भाव बंद पाकिटात मागितले आणि मोजमापाची अट आधीच वाचून दाखवली. त्यातल्या एकानं पाकीट परत मागून घेतलं. म्हणाला, "मध्याचा घेर आणि पासाची यादी धरायची तर मग सातशेच देणार." आई म्हणाली, दीडशे रुपये कमी? मी तिला मागच्या मालाचा हिशेब मांडून दाखवला. ८५० नं ४१० घनफुटांचे आले होते साडेतीन लाखांना दीड हजार कमी. ७०० नं ५९७ चे झाले असते चार लाख सतरा हजार नऊशे. व्यवहार त्याच्याशीच ठरवतोय, दादाच्या सहीची वाट बघतोय.