चवथ ते मे: घरातल्या पाच कन्सोलचा माझा क्रम, फक्त गेम बघून

गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, दादा परत बोटीवर गेला आणि जाताना त्याचे दोन्ही कन्सोल, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स सिरीज एस, आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या घरी ठेवून गेला. माझ्याकडे प्लेस्टेशन २ आणि निन्टेन्डो स्विच होतेच, त्यात चवथीची साफसफाई करताना माळ्यावर आईला आमचा जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम सापडला, म्हणजे एका हॉलमध्ये पाच मशिनं. आता मे संपत आला. आठ-नऊ महिने रोज रात्री जेवणं आटपली की तासभर आणि रविवारी जास्त असं मी या पाचही मशिनांवर खेळलेय, बरेचदा दहा वर्षांचा भाचा शेजारी बसून.

ग्राफिक्स, लोडिंगचे सेकंद, फोरके वगैरे मी मोजलेलं नाही, त्यावर लिहिणारे खूप आहेत. मी फक्त गेम बघितले. आणि त्यातही एकच गोष्ट बघितली, की संपवलेला गेम परत लावावासा वाटतो का. चवथीला मला कोणी विचारलं असतं तर प्लेस्टेशन ४ पहिला असं मी डोळे झाकून सांगितलं असतं. आज तो तिसरा आहे.

पहिला नंबर प्लेस्टेशन २. जपानमध्ये तो २००० मध्ये आला, १५ कोटींच्या वर विकला गेला, हे सगळ्यांना माहीत असतं, आपल्याकडे बहुतेकांना त्यातला जीटीए सॅन अँड्रियास आणि गॉड ऑफ वॉर आठवतो आणि गोष्ट तिथेच थांबते. मीसुद्धा कॉलेजात तेवढंच खेळले होते. आणि अर्थात फुटबॉल, प्रो इव्होल्यूशन सॉकर ६, ज्यात लायसन्स नसल्यामुळे लिव्हरपूलचं नाव मर्सीसाइड रेड होतं आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. या वेळी मी ठरवून बाकीचे काढले. इको, शॅडो ऑफ द कोलोसस, ओकामी, वुई लव्ह कटामारी, बर्नआउट ३. हे पाच गेम एकाच मशिनवरचे आहेत यावर विश्वास बसत नाही इतके ते एकमेकांपासून लांब आहेत. ओकामीत देवी लांडग्याच्या रूपात फिरते आणि ब्रशने आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो, कटामारीत एक चिकट गोळा घरंगळत न्यायचा, आधी टाचण्या आणि खोडरबर चिकटतात, मग मांजर, मग माणसं, मग घरं. आई हा गेम बघायला खुर्ची ओढून बसायची, आणि गोळा मोठा झाला की तिलाच घाई, "ते झाड घे, ते झाड घे."

पण सगळ्यात जास्त इकोबद्दल लिहायचंय. २००१ चा गेम, दिग्दर्शक फुमितो उएदा. शिंगं असलेला एक मुलगा ओसाड किल्ल्यात कोंडलेला आणि तिथे त्याला एक मुलगी भेटते जिची भाषा त्याला येत नाही. आर१ बटण दाबून धरलं की तो तिचा हात धरतो, सोडलं की हात सुटतो, बस, गेमचा जीव एवढ्याच बटणात आहे. तिला सोडून लांब गेलं की काळ्या सावल्या येऊन तिला खड्ड्यात ओढतात. गेम सेव्ह करायला एक दगडी बाक असतो, त्यावर दोघांनी शेजारी बसायचं, एकट्याने बसून चालत नाही. पहिल्या बाकावर भाच्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला आत्या थांब, लगेच उठवू नको त्यांना, जरा बसू दे. आम्ही खरंच तसंच बसून राहिलो, टीव्हीवर वारा वाजत होता आणि बाहेर पाऊस.

आपल्याकडे प्लेस्टेशन २ च्या पाल, म्हणजे युरोपात चालणाऱ्या टीव्ही पद्धतीच्या डिस्क मिळायच्या, आणि इकोच्या त्या आवृत्तीत एक गंमत आहे, एकदा गेम पूर्ण केला की दुसऱ्या खेपेला दुसरा कंट्रोलर जोडून त्या मुलीला दुसरा माणूस चालवू शकतो. मी इतकी वर्षं डिस्क बाळगून आहे आणि हे मला या डिसेंबरात कळलं! दुसऱ्यांदा मी मुलगा झाले आणि भाचा मुलगी. पहिल्या वेळी जिला मी ओढत नेत होते ती आता स्वतःहून पुढे पळून दारं उघडायला लागली, तोच किल्ला पण खेळ पार वेगळा.

मग त्याच उएदाचा शॅडो ऑफ द कोलोसस, २००५ चा. त्यातही आर१ च. फक्त इथे त्या बटणाने हात धरायचा नाही, डोंगराएवढ्या प्राण्याच्या अंगावरचे केस घट्ट पकडून लोंबकळायचं, तो अंग झटकतो, तुमची ताकद संपत येते, आणि बोट बटणावरून निसटलं की खाली. सोळा प्राणी, मधे एकही छोटा शत्रू नाही, फक्त घोडा आणि मोकळं माळरान. पहिला प्राणी पडला तेव्हा मी टाळी द्यायला हात पुढे केला तर भाचा म्हणाला, "आत्या, ह्याने आपल्याला काय केलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. तेरावा तर हल्लाच करत नाही, वाळवंटावर आभाळात फिरत असतो नुसता. तिथे भाचा उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. ज्या माणसाने एकाच बटणाने एका गेममध्ये सांभाळायला लावलं आणि पुढच्यात मारायला लावलं त्याने आमच्या घरात दोन महिने मुक्काम केला असं म्हणायला हरकत नाही.

दमट हवेबद्दल एक सांगते कारण जुन्या डिस्क घेणाऱ्यांना उपयोगी पडेल. आपल्याकडे जूनपासून प्लास्टिकच्या कव्हरांना सुद्धा बुरशी धरते. मी सगळ्या डिस्क झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, महिन्यातून एकदा मऊ कापडाने मधून कडेकडे पुसते, गोल गोल नाही. अजून एकही डिस्क गेलेली नाही.

दुसरा स्विच, आणि पहिला नंबर त्याचा थोडक्यात हुकलाय. ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ चा, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला, त्यामुळे मी मुद्दाम जरा अढी ठेवूनच बसले होते. त्यात पाऊस पडला की कडा चढताना लिंक, म्हणजे गेमचा नायक, घसरतो. बाहेरच्या लोकांना या गोष्टीचा राग येतो असं वाचलंय, मला तर हेच सगळ्यात खरं वाटलं, शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या गडग्यावर आमच्यातला कोण घसरला नाही? आणि वीज. गडगडायला लागलं की अंगावरची लोखंडी तलवार-ढाल काढून ठेवायची, नाहीतर वीज थेट तुमच्यावर. आमच्याकडे मे महिन्यात आभाळ आलं की आई आधी टीव्हीचा प्लग काढते, मी त्या वेळी स्विच हातात घेऊन खोलीत जाते आणि तिथे लिंकच्या पाठीवरची ढाल काढते, एकाच संध्याकाळी दोन्हीकडे तेच.

स्विचचा दुसरा गुण म्हणजे तो बसमध्ये येतो. साखळी ते पणजी तासाभराचा प्रवास, बसायला जागा मिळाली तर होलो नाइट आणि सेलेस्टे मी बहुतेक सगळे त्या बसमध्येच संपवले. आणि चवथीला मारिओ कार्ट ८ डिलक्स. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीच्या पलीकडे हॉलमध्ये चार-चार जणांच्या पाळ्या, मामा, वहिनी, लहान पोरं, ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर धरला नाही तेही, कारण त्यात गाडी आपोआप रस्त्यावर ठेवायची सोय आहे, त्यामुळे पाच वर्षांची मुलगीसुद्धा शर्यत पूर्ण करते. वहिनीने रात्री अकराला मामाला शेवटच्या वळणावर लाल कवच (पुढच्या गाडीला जाऊन आपटणारं) मारलं, तो आरडाओरडा शेजाऱ्यांपर्यंत गेला.

राजी, अॅन एन्शंट एपिक हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेमसुद्धा २०२० मध्ये आधी स्विचवर आला होता आणि नंतर बाकीकडे. लढाई जरा अडखळते, पण मधेमधे सावल्यांच्या बाहुल्यांनी गोष्ट सांगितलीय ती मला फार आवडली, आणि चार तासांच्या आसपास संपतो, दोनदा खेळले.

एकच सांभाळा. स्विचची भारतात अधिकृत विक्री नाही, माल बाहेरून येतो, म्हणून भाव मनाला येईल ते आणि फसवणूकही होते. मला एका विक्रेत्याने सीलबंद म्हणून दिलेल्या डब्यात कार्ट्रिजच नव्हती, आत वापरून झालेला डाउनलोड कोड. पैसे परत मिळायला दीड महिना गेला. डबा दुकानातच उघडून बघा.

आता प्लेस्टेशन ४. तो तिसरा का याचं मला स्वतःलाच वाईट वाटतं कारण त्यातला एक गेम माझ्या अगदी जवळचा आहे, अनचार्टेड द लॉस्ट लेगसी, २०१७ चा. बहुतेक गोष्ट आपल्या पश्चिम घाटात घडते, होयसळांचं हरवलेलं शहर, गणपतीचा दात शोधायचा. पहिल्यांदा जीप मोकळ्या रानात येते, लाल चिखल, ओली झाडी, धबधबे, तेव्हा मी जीप चालवायची सोडून नुसती बघत बसले. पुढच्याच रविवारी आम्ही वाळपईच्या बाजूने तांबडी सुर्लाला गेलो. ते कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ, आकाराने छोटंसं, आणि गेममधली होयसळ देवळं राजवाड्यांपेक्षा मोठी दाखवलीत, ते खरं नाही हे कळतंच. पण खांबांवरचं कोरीव काम बघायला भाचा या वेळी स्वतःहून वाकला, आधी दोनदा आलो होतो तेव्हा तो नदीवरच रमला होता.

ब्लडबोर्नही तसाच, प्लेस्टेशनच्या बाहेर आलेलाच नाही आणि मी तो तीनदा सुरू केलाय. पण बाकीचे? होरायझन, डेज गॉन, स्पायडरमॅन, गॉड ऑफ वॉर, रेड डेड रिडेम्प्शन २, जो दोन डिस्कवर येतो आणि हार्ड डिस्क भरून टाकतो. एकेक गेम घेतला तर जबरदस्त मेहनत आहे, मी रडलेय सुद्धा. पण ओळीने खेळलं की जाणवतं, खांद्यामागून कॅमेरा, नकाशाभर खुणा, झुडपात लपा, पाला-लाकूड गोळा करा, चालता चालता गप्पा मारा. तिसऱ्या गेमपर्यंत हात आपोआप चालायला लागतात. संपवले, बरं वाटलं, आणि एकही परत लावावासा वाटला नाही. इतक्या खर्चाच्या गेममध्ये कोणी कटामारीसारखा वेडेपणा करणार नाही हेही समजतं मला, पण क्रम लावताना त्याचे मार्क कसे देऊ.

चौथं माळ्यावरचं मशीन. कॉन्ट्रा, मारिओ हे सगळ्यांचे खेळून झालेत. बंदुकीने बदकं मारायचा खेळ आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही, ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवरच नेम ओळखते, त्यामुळे तो गेला. पण टँकचा गेम, खरं नाव बॅटल सिटी, १९८५ चा, त्यात आई आणि मी दोघी मिळून. त्यात नकाशा स्वतः बनवायची सोय आहे आणि आई आपण राखायच्या गरुडाभोवती पोलादी भिंत उभारते, एक फट ठेवून. आठवड्यातून दोनदा तरी तिचीच हाक येते. माझ्या कसोटीवर हे मशीन एक्सबॉक्सच्या वर जातं, मी काही करू शकत नाही.

एक्सबॉक्स सिरीज एस पाचवा. वाईट म्हणून नाही. फोर्झा होरायझन ५ मध्ये धुळीच्या वादळातून गाडी नेणं, सायकोनॉट्स २, हाय-फाय रश ज्यात प्रत्येक ठोसा तालावर पडतो, आणि लॉस्ट ओडिसीसारखे एक्सबॉक्स ३६० चे जुने गेम आजही चालतात ही फार मोठी गोष्ट आहे, प्लेस्टेशन ४ मध्ये माझी एकही जुनी डिस्क चालत नाही. ज्याला कमी पैशात खूप काही चाखायचंय त्याने हाच घ्यावा. पण फोर्झा आणि हाय-फाय रश दोन्ही पुढे प्लेस्टेशन ५ वर गेले, आणि या मशिनला डिस्क लावायची जागाच नाही, बरेच गेम सबस्क्रिप्शनमध्ये येतात आणि काही महिन्यांनी जातात. यादी मोठी, पण कपाटात ठेवता येईल असं काही नाही, आणि मला कपाट लागतं.

दादाला फोनवर हा क्रम सांगितला तर तो बोटीवरून अर्धा तास भांडला, सिरीज एस टँकच्या खाली हे त्याला पटतच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो उतरतोय आणि दोन्ही मशिनं घेऊन जाईल. लॉस्ट लेगसीची डिस्क मात्र मी आधीच मागून घेतलीय, ती स्टीलच्या डब्यात गेली. भाच्याचे शॅडोमधले तीन प्राणी अजून राहिलेत आणि शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस, त्यामुळे आज जेवण लवकर.