सुमो आणि वेन्स आठ महिने वापरल्यावर: अलका चौकातल्या गाड्या आणि त्यांचे मेसेज

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी गेले आठ महिने सुमो आणि वेन्स ही दोन सिम्युलेशन सॉफ्टवेअर जवळपास रोज वापरतोय. विषय असा, की पुढच्या गाडीला अपघात झाला तर तो मेसेज वायरलेसवरून मागच्या किती गाड्यांना आणि किती लवकर पोचतो. खऱ्या शंभर-दोनशे गाड्यांना रेडिओ लावून चौकात सोडणं कुणाला परवडणार, म्हणून सिम्युलेशन. गाड्या हलवायचं काम सुमोचं (जर्मनीतल्या डीएलआर या अंतराळ संशोधन संस्थेने सुरू केलेलं, फुकट आणि ओपन सोर्स), वायरलेस नेटवर्क चालवायचं ओम्नेट प्लस प्लसचं, आणि वेन्स या दोघांना ट्रासीने (सुमोशी बाहेरून बोलायची सोय) जोडतं. सुमोत गाडी आली की ओम्नेटमध्ये तिचा नोड, म्हणजे मेसेज पाठवणारा-ऐकणारा प्रतिनिधी, तयार होतो, आणि मेसेज मिळून गाडीने रस्ता बदलला तर ते परत सुमोत जातं. गाड्यांच्या हालचालींची आधीच रेकॉर्ड केलेली ट्रेस फाइल वापरली तर हे जमत नाही, गाडी मेसेज ऐकून काही करूच शकत नाही.

इन्स्टॉल करताना एकच सांगेन, तिन्हींची व्हर्जन एकमेकांशी जुळणारी घ्या, वेन्सच्या साइटवर जोड्या दिल्यात. आणि आधी सोबत येणारं एर्लांगेन शहराचं उदाहरण चालवून बघा. पहिली गाडी अडकते, मेसेज जातो, ज्यांना मिळाला त्या हिरव्या होतात. मला सगळी कल्पना तिथेच समजली.

मग मी पुण्यातला अलका चौक घेतला, टिळक रोड, लक्ष्मी रोड, लकडी पुलाकडून येणारं ट्रॅफिक, सगळं. ओपनस्ट्रीटमॅपवरून नकाशा घेताना लेफ्ट-हँड ट्रॅफिकची खूण करायची राहिली आणि सगळं पुणं उजवीकडून चालायला लागलं, ते लगेच दिसलं म्हणून बरं. खरा घोळ दुचाकींचा होता. नेहमीच्या सेटिंगमध्ये एका लेनमध्ये एका मागे एकच वाहन, म्हणजे स्कूटरसुद्धा कारसारखी शिस्तीत मागे उभी. आपल्याकडे सिग्नलला असं कधी बघितलंय का? लॅटरल रिझोल्यूशन (लेनच्या आडव्या पट्ट्या किती रुंद) 0.8 मीटर ठेवलं की सबलेन मॉडेल चालू होतं, मग दुचाकी कारच्या बाजूने फटीतून पुढे येऊन सिग्नलपाशी जमतात, अगदी आपल्यासारखं. दुचाकींना रेडिओ दिलेला नाही, वेन्समध्ये त्या टाइपला नोडच्या जागी 0 लिहिलं की त्या फक्त रस्त्यावर असतात. तरी निकाल बदलला! रांग आखूड झाली, कार एकमेकींच्या जवळ आल्या, रेंजमध्ये जास्त गाड्या, सेकंदाला 10 बीकन (आपण कुठे आहोत ते सांगणारे छोटे मेसेज) टाकणाऱ्या, मग चॅनल भरला आणि हवेत एकमेकांवर आदळून वाया जाणारे मेसेज वाढले. रेडिओचं एकही सेटिंग मी बदललं नव्हतं. त्याआधीचे दोन महिन्यांचे माझे ग्राफ जरा जास्तच चांगले होते हे तेव्हा कळलं आणि ते सगळे रन मी परत केले.

सगळ्यात जास्त वेळ टेलिपोर्टने खाल्ला. रेडिओवाल्या 400 गाड्या सोडलेल्या आणि रिझल्टमध्ये नोड 431. दोन दिवस कोड शोधत बसलो. शेवटी स्क्रीनवर एकाच कारकडे बघत बसलो तेव्हा दिसलं, चौकात ती अडकली, 300 सेकंद हलली नाही, आणि गायब. ही सुमोची ठरलेली मर्यादा आहे, तेवढा वेळ अडकलेली गाडी उचलून पुढे ठेवायची, यालाच टेलिपोर्ट म्हणतात. पण वेन्समध्ये तिचा नोड डिलीट होतो आणि ती परत आली की नवा नोड जन्माला येतो, आधी मिळालेला मेसेज विसरून. टेलिपोर्ट बंद करता येतं, पण मग चौक कायमचा तुंबतो. मूळ चूक माझ्या नकाशात होती, एका लेनमधून उजवीकडे वळायचं कनेक्शनच नव्हतं. नेटएडिटमध्ये (सुमोचा नकाशा दुरुस्त करायचं टूल) ते जोडलं, सिग्नलच्या वेळा नीट लावल्या, आता टेलिपोर्ट होत नाहीत. तुम्ही ग्राफ काढायच्या आधी लॉगमध्ये टेलिपोर्ट शब्द शोधाच.

स्टेपची लांबी, म्हणजे सुमो दर किती वेळाने गाड्या पुढे सरकवतो ती, मुळात 1 सेकंद असते, ताशी 50 च्या वेगाने तेवढ्यात गाडी जवळपास 14 मीटर जाते. मी 0.1 केली आणि वेन्सचा अपडेटसुद्धा तेवढाच ठेवला. रन खूप लांबतो पण इलाज नाही.

बिल्डिंगा टाकायला विसरू नका, पेठेत तर नाहीच. वेन्सच्या साध्या मॉडेलमध्ये प्रत्येक भिंतीला सिग्नलचे 9 डीबी (डेसिबल) आणि आतल्या दर मीटरला 0.4 डीबी कापतात. म्हणजे 20 मीटरची एक इमारत मध्ये आली तर दोन भिंतींचे 18 आणि आतले 8, एकूण 26 डीबी, सिग्नल जवळजवळ 400 पट कमी. बिल्डिंगा नसताना शास्त्री रोडची गाडी टिळक रोडवरच्या गाडीचा मेसेज आरामात ऐकत होती, घरं टाकल्यावर चौकात तोंड काढल्याशिवाय ऐकू येईना.

गाड्यांची संख्या मात्र रँडम ट्रिप्सवर (सुमोचं वाटेल तशा फेऱ्या बनवणारं टूल) सोडू नका. मी आणि मित्र संध्याकाळी साडेसहाला चौकात उभे राहून पंधरा-पंधरा मिनिटं वळणाऱ्या गाड्या मोजल्या, मोबाइलवर टॅप करत, आणि ते आकडे रूट सॅम्पलरला (मोजलेल्या आकड्यांना जुळणाऱ्या फेऱ्या बनवणारं सुमोचं टूल) दिले. सकाळचं मोजमाप अजून बाकी आहे, त्यामुळे माझे सगळे ग्राफ सध्या फक्त संध्याकाळचे आहेत आणि रिपोर्टमध्येही तसंच लिहिलंय.