बंद होणाऱ्या परीक्षेची फी मी भरली

ऑक्टोबर २०२० मध्ये मी एमसीएसए या मायक्रोसॉफ्टच्या सर्टिफिकेटच्या कोर्सची सगळी फी एकरकमी भरली. त्या कोर्सच्या परीक्षा ३१ जानेवारी २०२१ला कायमच्या बंद होणार होत्या. क्लासवाल्यांना हे माहीत होतं, मला नव्हतं. क्लासचं नाव इथे घेत नाही, पण त्यांची पद्धत सविस्तर सांगते, कारण ती आजही वेगवेगळ्या सर्टिफिकेशनच्या नावाखाली चालू आहे.

तेव्हा मी हेल्पडेस्कला होते. पासवर्ड रीसेट, प्रिंटर, आउटलुक, दिवसभर तेच. मला सर्व्हरच्या कामात जायचं होतं आणि समोर दोन वाटा होत्या. जुनी म्हणजे विंडोज सर्व्हर २०१६ची एमसीएसए: ७०-७४०, ७०-७४१ आणि ७०-७४२ असे तीन पेपर. नवी म्हणजे ॲझ्युर (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) ॲडमिनिस्ट्रेटर: एझेड-१०४ हा एकच पेपर. माझा कल नवीकडे होता. क्लासच्या काउन्सेलरने तासाभरात माझं मन वळवलं.

"मॅडम, नवीन सर्टिफिकेट दोन वर्षांत एक्सपायर होतं. एमसीएसए आयुष्यभराचं आहे. एकदा केलं की सुटलात."

यात खोटं काही नव्हतं. एमसीएसएला खरोखरच मुदत नव्हती, आणि नव्या सर्टिफिकेटला त्या वेळी दोन वर्षांची होती. ऑफिसमधल्या एकाने परीक्षा बंद होणार असल्याचं ऐकलं होतं, म्हणून मी तेही विचारलं. त्यावर उत्तर आलं, "जूनमध्येच बंद होणार होत्या, झाल्या का? पुढे ढकलल्या. परत ढकलतील. आणि सर्व्हर २०१९चे पेपर येतायत, तुमचे हे पेपर त्यात धरले जातील. सिस्कोने नाही का केलं?"

हे उत्तर मी नंतर शंभर वेळा आठवलं. त्यात खऱ्या गोष्टी होत्या आणि त्यांच्याच आडोशाने खोट्या खपवल्या होत्या. ३० जून २०२० ही आधीची तारीख साथीमुळे पुढे ढकलली होती, हे खरं. सिस्को या नेटवर्किंग कंपनीने २४ फेब्रुवारी २०२०ला आपल्या सीसीएनए सर्टिफिकेटचे वेगवेगळे ट्रॅक एकत्र केले आणि ज्यांची जुनी सीसीएनए चालू होती त्यांना नवी दिली, हेही खरं. पण ते सिस्कोचं धोरण होतं, मायक्रोसॉफ्टचं नव्हे. सर्व्हर २०१९साठी वेगळं सर्टिफिकेशन काढणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने तोपर्यंत जाहीरही केलं होतं. मी ते शोधून वाचलं नाही.

खात्री पटावी म्हणून काउन्सेलरने मला ७०-७४०च्या अधिकृत पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. परीक्षेचं नाव, विषय, सगळं व्यवस्थित होतं. पुढे जानेवारीत मी ते पान स्वतः उघडलं, तेव्हा परीक्षा कधी बंद होणार ते सांगणारी पट्टी अगदी वरच दिसली. माझ्याकडच्या चित्रात तेवढीच पट्टी नव्हती. चित्र बरोबर तिच्या खालून कापलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तेव्हा माझे हात थरथरत होते.

बॅच फक्त शनिवार-रविवारची होती आणि कोर्स सहा महिन्यांचा. ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा सहा महिन्यांचा कोर्स जानेवारीत संपूच शकत नाही, एवढा साधा हिशेब मी केला नाही. इन्स्टॉलेशन, स्टोरेज आणि हायपर-व्ही (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणं) डिसेंबरअखेर आटोपलं. जानेवारीच्या सुरुवातीला ७०-७४० दिला आणि पास झाले. त्याच रात्री पुढचा पेपर बुक करायला बसले, तर फेब्रुवारीतली एकही तारीख निवडता येईना. मला वाटलं, साइटच अडकलीय. तीन वेळा लॉगिन केलं.

उरलेले दोन पेपर तीन आठवड्यांत देणं मला शक्य नव्हतं. नेटवर्किंगचा भाग तर क्लासमध्ये सुरूही झाला नव्हता. तीनपैकी एक पेपर म्हणजे एमसीएसए नाही.

फोन केला, तर माफी राहिली बाजूला, नवीनच ऑफर आली: फरक भरा, एझेड-१०४च्या बॅचला जा, तुमचा पास झालेला पेपर 'ॲडजस्ट' होईल. या वेळी मी आधी मायक्रोसॉफ्टची माहिती वाचली. एझेड-१०४ला जुन्या पेपरचं कसलंही क्रेडिट मिळत नाही. पैसे परत मागितले, तेव्हा मी सही केलेला फॉर्म दाखवला गेला: परीक्षा घेणाऱ्या कंपनीने केलेल्या बदलांना संस्था जबाबदार नाही. पावतीवर परीक्षेचा नंबरच नव्हता, नुसतं 'सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन कोर्स' असं लिहिलं होतं. तक्रार करायला माझ्या हातात कागदच नव्हता.

जे शिकले ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. सर्व्हर तेच आहेत, आणि क्लासमध्ये शिकलेलं हायपर-व्ही मी आजही रोज वापरते. म्हणून जुनं टाकाऊ आणि नवं चांगलं, असं माझं म्हणणं नाही. जुना ट्रॅक निवडायला हरकत नाही, पण त्याची शेवटची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. क्लासकडून परीक्षेचा नंबर मागा आणि तो परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या साइटवर स्वतः टाका, पाठवलेल्या चित्रावर जाऊ नका. तोच नंबर पावतीवर लिहून घ्या. सगळे पेपर त्या तारखेआधी बसतात का ते मोजा, आणि नापास होण्याचे दिवसही त्यात धरा. मायक्रोसॉफ्टमध्ये पहिल्यांदा नापास झालात तर २४ तासांनी परत बसता येतं, दुसऱ्यांदा झालात तर १४ दिवस थांबावं लागतं. आणि 'नवीन सर्टिफिकेट एक्सपायर होतं' या भीतीला बळी पडू नका. ॲझ्युर ॲडमिनिस्ट्रेटरची मुदत आता एक वर्षाची आहे, पण नूतनीकरण घरबसल्या ऑनलाइन होतं आणि त्याला फी नाही. मी ते केलंय.

एझेड-१०४ मी मायक्रोसॉफ्टच्याच मोफत साहित्यावर अभ्यास करून दिला.

मध्यंतरी आमच्या टीममधल्या एका मुलाने मला सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या सर्टिफिकेटच्या कोर्सची जाहिरात दाखवली. 'सवलत फक्त आजच' असं लिहिलं होतं. नंबर विचारला, तर एसवायझिरो-६०१. ती परीक्षा ३१ जुलै २०२४लाच बंद झाली, तिच्या जागी आलेली ७०१ तर नोव्हेंबर २०२३पासून चालू आहे. त्याने टोकन भरलं होतं. मी त्याला तिथेच बसवून अधिकृत पान उघडायला लावलं आणि पैसे परत मागणारा मेल लिहायला मदत केली. अजून उत्तर आलेलं नाही.