जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप: माशीच्या पायापुरता पास

निवृत्तीनंतरचं माझं खूळ म्हणजे शेणावरच्या बारक्या माश्या. गोठ्यातलं ताजं शेण जुन्या ताटलीत घेऊन बसलो की बायको स्वयंपाकघराचं दार लावून घेते. त्यासाठीच हा वापरलेला मायक्रोस्कोप साडेसहा हजारांना घेतला.

हातातल्या दहापट भिंगातून दोन मिलिमीटरची माशी म्हणजे तीळच. इथे चाळीसपटीला मागच्या पावलाचा पहिला खंड स्वच्छ दिसला: आखूड, फुगीर, मोज्यात लिंबू अडकल्यासारखा. स्फेरोसेरिडी या बारक्या शेणमाश्यांच्या कुळाची हीच खूण. तेवढ्यावर पैसे वसूल!

पुढे मात्र दमतो. याच कुळातली कोप्रोइका ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) इटालियन कीटकतज्ज्ञ रोंडानीने १८६१ मध्ये मांडली. नंतर ती लेप्टोसेरा या अवाढव्य प्रजातीत कोंबली गेली, मग पुन्हा वेगळी निघाली. (आमच्या एकत्र कुटुंबासारखंच.) तिच्यातली जात पक्की करायची तर नराची जननेंद्रियं सोडवून पाहावी लागतात. तिथे चित्र धूसर होतं.

चौथ्या दिवशी दिवा गेला. दुकानदार म्हणाला, "काका, जुन्या मालाला गॅरंटी नसते." आता नातीचा टेबललॅम्प वापरतो, तिचा अभ्यास संपल्यावर.