पॅन-मास चॅलेंज : स्टरब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी नाव नोंदवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला दोन दिवस, सुमारे ३०० किलोमीटर सायकल. १९८० साली बिली स्टार यांनी सुरू केलेली ही राइड. स्वार जमवतात ती पै न् पै डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जाते, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोलाचं.

व्यवस्था चोख. पाण्याच्या थांब्यांवर केळी, बर्फ आणि नाव विचारून पाठ थोपटणारे स्वयंसेवक. एका चढावर माझी चेन उतरली, तर मागून आलेल्या आजोबांनी आपली सायकल गवतात टाकून ती बसवली आणि काळे झालेले हात गवताला पुसून पुढे निघाले.

लेकव्हिलच्या थांब्याजवळ उपचार घेणाऱ्या मुलांचे फोटो लावलेले असतात. एका चिमुरडीचे पुढचे दोन दात पडलेले, हसू तोंडभर. मी पाय टेकवला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मात्र काही हजार डॉलर जमवावे लागतात. जानेवारीपासूनच नातेवाइकांना फोन लावा. खिशात शेंगदाण्याचे लाडू ठेवा, दुपारनंतर ताकदीसाठीचं ते गोड, चिकट एनर्जी जेल घशाखाली उतरत नाही. पुढच्या खेपेला दादालाही आणतेय.