बारमाही शिंका, चोंदलेलं नाक: स्प्रे, इम्युनोथेरपी की ऑपरेशन?

यंदा फेब्रुवारीत माझ्या भाचीला पंधरा दिवसांत तीन डॉक्टरांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. पहिले म्हणाले, नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करून घ्या. दुसऱ्यांनी रोज स्प्रे मारायला सांगितला. तिसऱ्यांनी हातावर टेस्ट करून जिभेखाली घ्यायच्या थेंबांचा तीन वर्षांचा कोर्स सुचवला. राजेंद्र नगरला आमच्या घरी येऊन तिने तिन्ही कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "मावशी, तू साडेतीन वर्षं ॲलर्जीची इंजेक्शनं घेतलीस. तूच सांग, यातलं खरं कुणाचं?"

तिघांचंही खरं होतं. प्रत्येकाने तिच्या त्रासाचा वेगळा भाग पाहिला होता. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षं हे नाक घेऊन इंदूरमध्ये राहते आहे आणि घरात हे तिन्ही मार्ग पाहिले आहेत. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी त्रास मोजा. आठवड्यातले चारहून जास्त दिवस आणि सलग चारहून जास्त आठवडे नाक वाहतं, खाजतं, चोंदतं, शिंका येतात, तर तो दीर्घकाळ टिकणारा प्रकार. त्यामुळे झोप मोडत असेल, अभ्यास किंवा काम अडत असेल, तर तो सौम्य राहिला नाही. डॉक्टर २००१ सालापासून जगभर हीच विभागणी वापरतात. यात न बसणारा, म्हणजे वर्षातून दोन-चार दिवसांचा त्रास असेल, तर पुढच्या बहुतेक खर्चाची गरजच नाही.

दुसरं मोजमाप आपल्या गावाच्या ऋतूंचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिरोल, म्हणजे आपला वावळ, पानं नसतानाच फुलतो आणि त्याचे पराग वाऱ्यावर पसरतात. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटांवर गाजर घास, म्हणजे काँग्रेस गवत, माजते, भिंतींना बुरशी धरते आणि ओलसर हवेत गाद्या-उशांमधल्या धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, वाढतात. ही खरी ॲलर्जीची कारणं. त्यात आणखी काही गोष्टी मिसळतात: गव्हाची कापणी झाली की शेतात जळणाऱ्या नरवाईचा, म्हणजे उरलेल्या काड्यांचा धूर, रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा गुलाल, खोदलेल्या रस्त्यांची धूळ. यांनी सुजलेलं नाक आणखी चिडतं, पण धुराची लस नसते. माझी इंजेक्शनं पूर्ण झाल्यावरही गेरच्या दिवशी राजवाड्याकडे गेले की डोळे-नाक वाहतातच. हे आधी माहीत असतं तर मी पहिल्याच वर्षी निराश झाले नसते.

आता स्प्रे आणि गोळी. बहुतेक घरांत सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिनची पट्टी असते. शिंका, खाज आणि वाहणं यांवर ती तासाभरात काम करते, चोंदण्यावर मात्र कमी. नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड यांपैकी कुठलाही) चारही लक्षणांवर काम करतो आणि सतत त्रास असणाऱ्यांसाठी तो एकट्या गोळीपेक्षा सरस आहे. पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे जातात. आपल्याकडे तीन दिवस मारून 'काही फरक नाही' म्हणून तो कपाटात जातो. 'स्टेरॉइड' या शब्दाची भीतीही मोठी आहे. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा अगदी थोडा अंश रक्तात जातो. नेहमी जाणवणारा त्रास म्हणजे नाक कोरडं पडणं आणि कधीतरी रक्ताचा थेंब. तोही बऱ्याचदा चुकीच्या पद्धतीमुळे होतो. डोकं जरा पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळवा, आणि जोरात ओढू नका. घशात कडवट चव आली तर औषध नाकात न थांबता मागे गेलं असं समजा.

स्प्रेने अर्धवट बरं वाटलं तर ॲझेलास्टिन आणि फ्लुटिकासोन एकत्र असलेला स्प्रे मिळतो. तो लवकर लागू पडतो. लेव्होसेट्रिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट जोडलेली गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मॉन्टेलुकास्टवर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्या औषधाने काहींना चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी, आत्महत्येचे विचार येतात. म्हणून नाकाच्या ॲलर्जीत इतर औषधांचा उपयोग झाला नाही तरच ते द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. घरात मूल ही गोळी घेत असेल तर त्याच्या झोपेकडे आणि वागण्याकडे लक्ष ठेवा.

दोन गोष्टी टाळाच. एक, नाक लगेच मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन-झायलोमेटाझोलिनचे थेंब: तीन ते पाच दिवसांपुढे वापरले की त्यांच्यामुळेच नाक बंद होऊ लागतं. दुसरी, 'एक टोचून घ्या, सीझन निघून जाईल' म्हणून दिलं जाणारं लांब असर असलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. ते साऱ्या शरीरभर फिरतं. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे ज्याची ॲलर्जी त्याचीच शरीराला हळूहळू सवय लावणाऱ्या इंजेक्शनशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि नेमका हाच घोटाळा लोकांच्या मनात होतो.

इम्युनोथेरपीचा रस्ता टेस्टमधून जातो. हातावर माइट, पराग अशा संशयित गोष्टींच्या अर्काचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत फुगवटा मोजतात. शेजारी हिस्टामिनचा एक (तो फुगायलाच हवा) आणि नुसत्या सलाइनचा एक (तो फुगता कामा नये) थेंब असायलाच हवा. सलाइनच्या जागेपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठा फुगवटा आला तर ती टेस्ट पॉझिटिव्ह. माझी पहिली टेस्ट वाया गेली. आदल्या रात्रीपर्यंत मी सेट्रिझिन घेत होते आणि तारीख देताना त्या क्लिनिकमध्ये कुणीही विचारलं नाही. हिस्टामिनचा थेंबसुद्धा फुगला नाही, तरी पैसे घेतले. ही गोळी साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून बंद करावी लागते. नाकातला स्प्रे चालतो. गोळी बंद करणं शक्य नसेल तर रक्तातली स्पेसिफिक आयजीईची, म्हणजे एकेका गोष्टीविरुद्धच्या ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची तपासणी करता येते. नुसता 'टोटल आयजीई'चा आकडा कशाची ॲलर्जी आहे ते सांगत नाही. आणि शंभर पदार्थांची आयजीजी (वेगळ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची) यादी हातात देऊन दही, भात, शेंगदाणे बंद करायला कुणी सांगितलं, तर पैसे आणि जेवण दोन्ही वाचवा. पॉझिटिव्ह फुगवटा आणि त्रासाचा महिना जुळला तरच त्या नावाला अर्थ.

जुळलं, आणि स्प्रे नीट मारूनही त्रास उरला किंवा वर्षानुवर्षं औषध नको वाटलं, तर लस (म्हणजे इंजेक्शनं) की थेंब हा प्रश्न येतो. कल्पना जुनी आहे. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचून पाहिला होता. दोन्हींत शरीराला त्याच वस्तूची सवय लावायची असते, आणि दोन्हींना किमान तीन वर्षं द्यावी लागतात. तेवढी दिली की बंद केल्यावरही फायदा काही वर्षं टिकतो. गोळी-स्प्रेच्या बाबतीत हे घडत नाही. ते थांबले की असर थांबतो.

इंजेक्शनात सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला जावं लागतं, मग साधारण महिन्यातून एकदा, तीन ते पाच वर्षं. दर वेळी टोचल्यानंतर अर्धा तास तिथेच बसायचं. सहाव्या आठवड्यात मला दहाव्या मिनिटाला अंगभर पित्त उठलं आणि घसा आवळल्यासारखा झाला. नर्सने लगेच ॲड्रिनलिन, म्हणजे अशी गंभीर रिॲक्शन थांबवणारं औषध, दिलं म्हणून निभावलं. तेव्हापासून कुणी 'इंजेक्शन घरी आणून देतो, शेजारच्या कंपाउंडरकडून टोचून घ्या' म्हटलं की मी हात जोडून नाही म्हणायला सांगते.

थेंबांत पहिला डोस दवाखान्यात, मग घरी रोज जिभेखाली एक-दोन मिनिटं धरून गिळायचे. तोंडाला खाज, जिभेखाली हलकी सूज हे सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं. गंभीर रिॲक्शन इंजेक्शनपेक्षा कितीतरी दुर्मिळ. कॉलेजच्या मुलीला, किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला दर आठवड्याला जाऊ न शकणाऱ्याला हे सोयीचं. पण मी पाहिलेल्या चारपैकी तिघांनी थेंब वर्षाच्या आत सोडले. कुणाची परीक्षा आली, कुणी पुण्याला नोकरीला गेलं, कुणाला बरं वाटायला लागलं म्हणून. माझी इंजेक्शनं पूर्ण झाली त्याचं एक कारण हेच, की शनिवारी माझी कुणीतरी वाट पाहत असायचं. स्वतःला ओळखून निवडा. बाटलीत नेमकं काय आहे तेही विचारा: थेंबांचा सर्वांत भक्कम पुरावा माइट किंवा गवतासारख्या एकेका गोष्टीवरचा आहे. दहा नावांचं मिश्रण असेल तर प्रत्येकाची मात्रा किती, हे डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे. खर्च महिन्याचा न विचारता तीन वर्षांचा विचारा.

दमा आटोक्यात नसेल तर दोन्हींपैकी काहीही सुरू करत नाहीत. रक्तदाबाची बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर आधीच सांगा. गरोदरपणात नवी सुरुवात करत नाहीत.

ऑपरेशनबद्दल लिहिताना दादाचं नाक डोळ्यांपुढे येतं. 'हाड वाढलंय' हे आपल्या बोलण्यात दोन गोष्टींना म्हणतात: मधला पडदा वाकडा असणं, आणि नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतींवरच्या मांसल घड्या, म्हणजे टर्बिनेट, सुजून मोठ्या होणं. दादाचा पडदा खरंच वाकडा होता. ऑपरेशननंतर उजव्या बाजूने त्याला बारा वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. शिंका आणि खाज मात्र पुढच्या फेब्रुवारीत तशीच परतली, कारण ॲलर्जी पडद्यात नव्हतीच. चोंदणं हाच मुख्य त्रास असेल, स्प्रे नीट मारूनही ते हटत नसेल आणि दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनने अडथळा दिसत असेल, तर ऑपरेशनने खरा आराम मिळतो. शिंका हा मुख्य त्रास असेल तर नाही. टर्बिनेट कापून टाकण्याऐवजी रेडिओफ्रिक्वेन्सीसारख्या पद्धतीने आकुंचित करणार का, हे विचारा. जास्त कापलं तर नाक मोकळं असूनही श्वास अपुरा वाटतो.

कुणाकडे जायचं? एकाच बाजूचं नाक बंद, त्यातून रक्त, वास येणं गेलेलं, तर आधी नाक-कान-घशाचे डॉक्टर आणि दुर्बीण. इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या ओपीडीत ही सुरुवात कमी खर्चात होते. छातीत शिटी वाजते, रात्री खोकला येतो, तर छातीच्या डॉक्टरांकडे फुंकायची तपासणी आधी. लस द्यायची असेल तर ती कोण देतं यापेक्षा तिथे अर्धा तास बसवतात का आणि ॲड्रिनलिन तयार असतं का, हे बघा.

भाचीचा मुख्य त्रास विचारला तर ती म्हणाली, शिंका आणि डोळ्यांची खाज. नाक दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून बंद. टेस्टमध्ये माइट ठळक आला होता. ऑपरेशनचा कागद तिने बाजूला ठेवला. सहा आठवडे स्प्रे, उशीला माइट आत न जाऊ देणारं कव्हर, चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, रात्री उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नेती. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावरही त्रास अर्ध्याहून जास्त उरला, तर ती थेंब सुरू करणार आहे, आणि दर रविवारी बाटलीत किती उरलं ते मला फोटो काढून पाठवणार आहे.