अंतरा इंजेक्शन: दहा महिने, चार डोस आणि डागांचा हिशेब

अंतरा म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, हे आशाताईंनी घरोघरी सांगितलंय, म्हणून थेट अनुभवावर येते. बाळ पाच महिन्यांचं असताना जुलैत पहिला डोस घेतला. सरकारी दवाखान्यात फुकट, तीन महिन्यांची निश्चिंती, दुधावर परिणाम नाही. रोजची गोळी माझ्या लक्षात राहिली नसती. सिस्टरांनी दंडात टोचलं, "चोळू नका" म्हणाल्या, कार्डावर पुढची तारीख घातली. पाळीचं काय होईल, यावर अवाक्षर नाही.

महिन्याभरानं डाग सुरू झाले. रुपयाएवढा तपकिरी डाग, पण रोज. सलग 21 दिवस. कॅलेंडरवर मी पेन्सिलनं टिंबं काढत होते. त्यातच गणपती आले. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, अडचण आहे की संपली?" काय सांगणार? चार दिवस असते तर बाजूला बसले असते, एकवीस दिवस कोण बसणार? लग्नानंतर पहिल्यांदाच गौरींना हात लावला नाही. ते अजून मनाला लागून आहे. इंजेक्शन फुकट, पण पॅडची चार पाकिटं संपली. घाबरून खाजगीत सोनोग्राफी केली, 1200 रुपये गेले, रिपोर्ट नॉर्मल. एक वाक्य आधी सांगितलं असतं तर हे पैसे वाचले असते.

ऑक्टोबरात दुसरा डोस नाकारायलाच गेले होते. त्या दिवशी दुसऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी बसवून घेतलं. या औषधानं बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं. पातळ अस्तरातल्या नाजूक रक्तवाहिन्या सुरुवातीला झिरपतात, तेच डाग. पहिल्या तीन-चार महिन्यांत हे जास्त होतं, मग बहुतेकींचं कमी होत जातं. फारच त्रास असेल तर डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात. मी डोस घेतला. त्या फेरीत टिंबं नऊच पडली.

जानेवारीच्या डोसनंतर पाळी थांबलीच. आता जाऊबाई म्हणाल्या, "रक्त आत साठतंय, गाठ होईल." साठत काही नाही. अस्तर वाढतच नाही, तर पडणार काय? तरी डोसाची तारीख चुकली असेल किंवा मळमळ असेल तर दिवस राहिलेत का, याची लघवीची तपासणी करून घ्या.

पण प्रत्येक रक्तस्रावाचा दोष इंजेक्शनवर टाकू नका, हे कळकळीनं सांगते. तासातासाला पॅड भिजतंय, गाठी पडताहेत, चक्कर येतेय, पोटात दुखतंय, संबंधानंतर रक्त जातंय, तर लगेच दाखवा. इंजेक्शन घेण्याआधीपासूनच विनाकारण अंगावरून जात असेल, तर त्याचं कारण सापडल्याशिवाय घेऊच नका. आणि पाळी कायमची गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी घरी थांबू नका.

ज्यांना वर्षभरात दुसरं मूल हवंय, त्यांनी विचार करूनच घ्यावं. शेवटच्या डोसापासून दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. आम्हाला तीन वर्षं नकोय, म्हणून माझं चालतंय.

एप्रिलचा चौथा डोस झाला. पाचवा जुलैत, कार्डावर तारीख आहे. त्या सिस्टरांना मी म्हटलंय, पहिल्या डोसाच्या कार्डावर पेनानं एवढंच लिहा: "डाग पडतील, घाबरू नका, जास्त गेलं तर या." परवा गेले तेव्हा एका नवीन मुलीच्या कार्डावर ते लिहिलेलं दिसलं.